आपलं गाणं, पन्नास हजारांच्या तोंडी

आवडत्या बँडला प्रत्यक्ष पाहायला जाणं म्हणजे नक्की काय विकत घेणं? नवी मुंबईतल्या ‘कोल्डप्ले’च्या कॉन्सर्टची एका फॅनने सांगितलेली गोष्ट, हिशेबासकट.

तुमच्या फोनमध्ये एक बँड असा असणारच, ज्याची गाणी तुम्ही कधी स्पीकरवर लावत नाही. कानात इअरफोन, बसमध्ये खिडकीची सीट आणि ते गाणं, बस्स. सबमिशनच्या आदल्या रात्री तेच, भांडण झालं की तेच, रिझल्ट लागला की पुन्हा तेच. कोणी विचारलं, ‘काय ऐकतेयस?’ तर तुम्ही ‘काही नाही गं’ म्हणून विषय बदलता.

आणि मग एक दिवस बातमी येते की तो बँड येतोय. तुमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, नेरुळला.

आमच्यासाठी तो बँड कोल्डप्ले. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन शो झाले, मग २५ आणि २६ तारखेला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर दोन. त्यांतल्या २१ तारखेच्या, मंगळवारच्या शोला मी होते. कोणती गाणी झाली, आतषबाजी कशी होती, हे सगळं तुम्ही तेव्हाच रील्सवर पाहून झालंय. ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. तिकिटाच्या लिंकपासून हॉस्टेलच्या गेटपर्यंत फॅन म्हणून तुम्ही कशाकशातून जाता आणि शेवटी हातात काय उरतं, ते सांगायचंय. मोठे बँड आता भारताला वगळून पुढे जात नाहीत. आज ना उद्या अशी लिंक तुमच्याही ग्रुपवर येणार आहे.

कॉलेजात जमलेला बँड

आधी थोडं बँडबद्दल, कारण ही गोष्ट कॉलेजातच सुरू होते. ख्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन हे चौघं नव्वदच्या दशकात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये शिकायला आले आणि तिथेच भेटले. विलला ड्रम्स वाजवता येत नव्हते, बँडला ड्रमर हवा होता, म्हणून तो ड्रम्स शिकला. आपल्याकडे गॅदरिंगच्या आधी होतं तसंच! फरक इतकाच की आपले बँड टीवायची परीक्षा झाली की फुटतात. हे चौघं पंचवीस वर्षांनंतरही एकत्र आहेत.

‘पॅराशूट्स’ हा त्यांचा पहिला अल्बम २००० सालचा. म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. आपल्याला हा बँड रेडिओने किंवा टीव्हीने दिला नाही, कोणाच्या तरी दादाने किंवा ताईने दिला. आमच्या हॉस्टेलवर तो मिरजकर घेऊन आली. (पुण्यातल्या हॉस्टेलवर नावापेक्षा गावानेच हाक मारतात, त्यामुळे इथेही तसंच चालू द्या.) तिच्या दादाची एक जुनी हार्ड डिस्क होती, त्यात अल्बमनुसार लावलेले फोल्डर. एफवायला असताना एका रात्री लाइट गेले, तेव्हा तिने लॅपटॉपवर ‘द सायंटिस्ट’ लावलं. खोलीत आम्ही चौघी होतो: मिरजकर, नाशिककर, लातूरकर आणि मी. लाइट आले तरी कोणी ट्यूब लावली नाही.

कोल्डप्ले त्याआधी एकदा मुंबईत येऊन गेले होते. १९ नोव्हेंबर २०१६ ला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल’ला. नोटाबंदी जाहीर होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते, घरोघरी एटीएमच्या रांगांची चर्चा चालू होती आणि आम्ही आठवीत होतो. कॉन्सर्टला जाऊ का, असं घरी विचारायचंही सुचलं नसतं. त्याच वर्षी आलेल्या ‘हिम फॉर द वीकेंड’च्या व्हिडिओत मात्र वरळी गाव दिसलं होतं, आणि ‘आपली मुंबई’ म्हणून आम्ही तो शंभर वेळा पाहिला होता.

आपल्या आधीच्या पिढ्यांच्या वाट्याला तर हे फारच तुरळक आलं. १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा बँड धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेला. त्याच रंगभवनात पुढे ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजलं. मग आसपासच्या हॉस्पिटल्समुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथलं रॉक थांबलं. २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर ‘रोलिंग स्टोन्स’, २०१९ मध्ये याच डी. वाय. पाटीलवर ‘यू टू’. मधल्या वर्षांत लोक कॅसेट, सीडी आणि पायरेटेड फाइल्सवर जगले. त्यामुळे ‘एवढं काय त्यात? यूट्यूबवर बघ की’ असं काकांनी म्हटलं, तर चिडू नका. त्यांना पर्यायच नव्हता.

रांगेत तुमचा नंबर किती?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. तिकीटविक्री ऑनलाइन. तुम्हीही त्या दिवशी प्रयत्न केला असेल तर तो आकडा अजून आठवत असेल. स्क्रीनवर रांगेतला तुमचा नंबर दिसत होता, आणि तो लाखांत होता. माझा चार लाखांच्या पुढे, नाशिककरचा सात लाखांच्या. हॉस्टेलचं वायफाय बंद करून चौघींनी चार कंपन्यांची सिम कार्डं वापरली, आणि लॅपटॉपला कोणी हात लावायचा नाही असा नियम केला. त्या दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी प्रयत्न केल्याचं नंतर छापून आलं. आता गणित करा. एका शोला पन्नास हजार धरले, तर तीन शोंची मिळून दीड लाख माणसं. दारात एक कोटी.

तिसरा शो त्याच दिवशी वाढवला गेला, तोही हातातून गेला. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती, मैदानात उभं राहायचं तिकीट ६,४५० रुपये. विक्री संपते ना संपते तोच पुनर्विक्रीच्या साइट्सवर तीच तिकिटं लाखाच्या घरात दिसायला लागली. प्रकरण पोलिसांत गेलं, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली, कोर्टातही याचिका झाली. या सगळ्यात कोणाचं काय चुकलं ते तपासणारे बघतील. फॅन म्हणून तुमच्या लक्षात राहते ती एकच गोष्ट: रविवारच्या संध्याकाळी मेसमध्ये बसलेल्या चार मुली आणि समोर थंड झालेली पोळी-भाजी.

लातूरकर तेव्हाच म्हणाली, “बरं झालं नाही मिळालं. ६,४५० म्हणजे माझी दोन महिन्यांची मेस.” कोणी काही बोललं नाही. तिचं म्हणणं खरंच होतं. आपण तिकीट ‘मिळेल का’ एवढंच विचारतो. ‘परवडेल का’ हा प्रश्न ग्रुपमध्ये कोणीतरी एकटंच गिळत असतं.

दोन तिकिटं, चार मैत्रिणी

कोल्डप्लेच्या या टूरमध्ये ‘इन्फिनिटी तिकीट’ असा एक प्रकार आहे. अगदी मोजकी तिकिटं स्वस्तात विकायची, म्हणजे पैशांमुळे कोणी अडू नये. भारतात त्याची किंमत दोन हजार रुपये ठेवली होती. अट अशी की जोडीनेच घ्यायची, आणि सीट कुठली ते शोच्या दिवशी तिकीट हातात घेताना कळणार. मैदानात पहिल्या रांगेत उभे राहू शकता किंवा छताखालच्या शेवटच्या ओळीत बसू शकता. ही तिकिटं २२ नोव्हेंबरला निघाली, आणि या वेळी माझ्या स्क्रीनवर हिरवं बटण आलं. दोन तिकिटं. माझ्या नावावर.

पाच मिनिटं आम्ही नाचलो. सहाव्या मिनिटाला सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आपण चौघी आहोत.

हा भाग कुठल्याही रीलमध्ये दिसत नाही. एक सीट माझी, उरली एक. चिठ्ठ्या टाकाव्यात असं लातूरकर म्हणाली, आणि आपलं नाव त्यात घालू नका हेही तिनेच सांगून टाकलं, तिची त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल्स होती. नाशिककर म्हणाली, “रांगेत सगळ्यात जास्त वेळ मी बसले होते.” खरं होतं, सप्टेंबरमध्ये ती सहा तास जागची हलली नव्हती. मिरजकर काहीच बोलली नाही, आणि मला तेच जास्त जड गेलं. ज्या मुलीमुळे आम्हाला हा बँड कळला, तिने ‘मला ने’ म्हणायचं तरी कसं?

मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. मिरजकरला नेलं. आज पुन्हा तीच वेळ आली तरी तेच करेन. पण नाशिककर त्यानंतर दीड महिना माझ्याशी कामापुरतं बोलली. ‘चार्जर दे’, ‘पाणी आलंय’, एवढंच. फॅन असण्याची किंमत आपण रुपयांत मोजतो. ती कधीकधी अशीही मोजावी लागते, तेव्हा लिंक उघडण्याआधी ग्रुपमध्ये एकदा बोलून घ्या.

नेरुळ एलपी

पुण्याहून नेरुळला जायचं सोपं आहे. मुंबईच्या बऱ्याच बस सायन-पनवेल महामार्गावर ‘नेरुळ एलपी’ला थांबतात, तिथून स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी निघालो तेव्हा बसमध्ये आम्ही दोघीच असू असं वाटलं होतं. खोपोलीच्या पुढे मागच्या सीटवरून कोणीतरी ‘येलो’ गुणगुणलं आणि तिसऱ्या ओळीतून त्याला साथ मिळाली. पनवेलपर्यंत निम्मी बस एकमेकांना ‘तुमची सीट कुठली?’ विचारत होती. कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून आलेला एक ग्रुप होता. आईला घेऊन आलेला एक मुलगाही होता. आईला बँड माहीत नव्हता, “हा एवढा कशासाठी वेडा होतो ते बघायला आले,” असं त्या म्हणाल्या.

तिकीट घ्यायच्या काउंटरवर हातपाय गार पडले होते. पाकीट उघडलं: वरचा स्टँड, बाजूची बाजू. ज्यांना मैदानातलं मिळालं ते किंचाळत होते. मिरजकर म्हणाली, “छप्पर तरी आहे.” सातारा-सांगलीकडची माणसं आनंद असा सांगतात.

अशा जागी बसल्यावर ख्रिस मार्टिन केवढा दिसतो, असं तुम्ही विचाराल. काडेपेटीतल्या काडीएवढा. स्क्रीन नसती तर चौघांतला तो कुठला, हेही कळलं नसतं. मग घरी बसून मोठ्या स्क्रीनवर का पाहू नये? थांबा, तिकडेच येते.

मनगटावरचा दिवा

आत शिरताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला एक पट्टा मिळतो. त्यात छोटे दिवे असतात. बटण नाही, तुम्ही काही करायचं नाही. सिग्नल स्टेजकडून येतो आणि दिवा आपोआप लागतो, रंग बदलतो, विझतो. २०१२ च्या आसपास कोल्डप्लेनेच हे पट्टे मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली, नंतर इतरांनी उचललं. या टूरमधले पट्टे वनस्पतीजन्य पदार्थापासून केलेले आहेत आणि शो संपल्यावर परत द्यायचे असतात. कुठल्या शहराने किती टक्के परत केले, याची यादीच स्क्रीनवर दाखवतात. आमच्या शेजारचा एक जण म्हणाला, “ही तर कॉलेजची अटेंडन्स लिस्ट झाली.”

मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकापासून सुरू झालेली ही ‘म्युझिक ऑफ द स्फीअर्स’ टूर पर्यावरणाच्या बाबतीत बरंच काही करू पाहते. उड्या मारल्या की वीज तयार होईल अशा फरश्या, पायडल मारून वीज बनवायच्या सायकली, जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या, प्रत्येक तिकिटामागे एक झाड. आधीच्या स्टेडियम टूरच्या तुलनेत दर शोमागचं कार्बन उत्सर्जन ५९ टक्के कमी झाल्याचं बँडने २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. तरी शंका राहतेच. बँड जगभर विमानानेच फिरतो, आणि आपणही बसने, कारने, विमानाने तिथे पोचतो. स्वतः बँडही आपलं सगळं बरोबर आहे असा दावा करत नाही. पण ‘दिवा परत द्या’ म्हटल्यावर आठवण म्हणून तो खिशात घालावा की पेटीत टाकावा, हा प्रश्न एकवीस वर्षांच्या फॅनला चांगलाच छळतो. मिरजकरने टाकला. मी तिच्याकडे बघत टाकला.

आता तो दिवा काय करतो ते सांगते. आधी शोन, इलियाना आणि आपली जसलीन रॉयल यांचं गाणं झालं. मग अंधार पडला, ‘ई.टी.’ सिनेमाचं संगीत वाजलं आणि ‘हायर पॉवर’ सुरू झालं. त्या क्षणी संपूर्ण स्टेडियम एकदम पेटलं. वरच्या स्टँडमधून तुम्हाला गायक दिसत नाही, पण हे दिसतं: खालचं मैदान, समोरचे स्टँड, कडेचे जिने, सगळीकडे माणसांच्या जागी नुसते ठिपके, गाण्याच्या ठेक्यावर श्वास घेतल्यासारखे लागणारे-विझणारे. ‘येलो’ला ते सगळे पिवळे झाले. मैदानात पुढे उभे असलेल्यांना बँड जवळून दिसला, पण हे दृश्य त्यांना दिसलं नसणार, कारण ते स्वतःच त्यात होते. महागड्या तिकिटात ते येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि हे दृश्य तुमच्याशिवाय पूर्ण होत नाही. तुमचा एक ठिपका त्यात असतो. मोठ्या स्क्रीनवर पाहण्यात आणि तिथे असण्यात पहिला फरक हा.

फोन खिशात

दुसरा फरक कानांचा आहे. खरं सांगायचं तर आवाज तुमच्या इअरफोनमध्ये जास्त स्वच्छ येतो. स्टेडियममध्ये गिटारचे बारीक सूर हरवतात, ख्रिसचा आवाज मध्येच दमतो, आणि शेजारचा मुलगा सुरात नसतो. ‘विवा ला विदा’ सुरू झालं की तर विचारूच नका. त्यातला तो ‘ओ-ओ’चा आलाप पन्नास हजार माणसांनी उचलला, तेव्हा बँडचा आवाज ऐकूच येईना. पायाखालचं काँक्रीट मात्र थरथरत होतं.

तेव्हा मला थोडं विचित्र वाटलं, हेही सांगते. हे गाणं मी अकरावीत, घरी बारीक आवाजात, एकटीने ऐकलेलं. त्यातली एक ओळ मला वाटायचं मलाच कळली आहे. आणि इथे बनियनवरचा एक माणूस तीच ओळ डोळे मिटून, घसा ताणून गात होता. क्षणभर राग आल्यासारखं झालं. आपलं गाणं कोणीतरी न विचारता घेतलं तसं. मग वाटलं, यालाही कधीतरी ती रात्र पडली असणार. म्हणूनच तो इथे आहे. त्यानंतर मला कोणाचा बेसूर आवाज खटकला नाही. माझा तर सगळ्यात बेसूर होता.

‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणं ख्रिस मार्टिन या टूरमध्ये मध्येच थांबवतो आणि सगळ्यांना विनंती करतो की हे एक गाणं तरी फोन खिशात ठेवून ऐकूया. आम्हाला ते आधीच माहीत होतं, क्लिप्स पाहिलेल्या होत्या. तरी तो थांबला तेव्हा हात फोनवरून काढायला वेळ लागला. हजारो स्क्रीन विझत गेल्या. काही नाही विझल्या, तेही सांगायला हवं. पुढची चार मिनिटं माझ्याकडे काहीही पुरावा नाही. पण संपूर्ण शोमध्ये मला क्रमाने, सलग आठवतं ते तेवढंच. बाकीचं मी जे रेकॉर्ड केलं ते व्हिडिओ बघितल्यावरच आठवतं.

बाहेरून आलेली व्हॉइस नोट

शेवटाकडे ‘फिक्स यू’ झालं. २००५ च्या ‘एक्स अँड वाय’ अल्बममधलं हे गाणं. वडील गेल्यानंतर कोलमडलेल्या पत्नीला, ग्विनेथ पॅल्ट्रोला, धीर द्यायला ख्रिसने ते लिहिलं. हे माहीत नसतानाही आपण सगळ्यांनी ते कोणासाठी ना कोणासाठी लावलेलं असतंच. आमच्या ओळीत रडणाऱ्यांची गणती करण्यात अर्थ नव्हता. मघाशी बसमध्ये भेटलेला मुलगा दोन ओळी खाली आईच्या खांद्यावर हात टाकून उभा होता, आणि आई गाणं येत नसूनही हात हलवत होत्या.

मला नाशिककरची आठवण आली. तिला फोन लावला. नेटवर्क अर्थातच नव्हतं, एवढ्या गर्दीत ते नसतंच.

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे शो वेळेत संपला. गर्दीबरोबर ढकलले जात आम्ही महामार्गापाशी आलो तेव्हा फोनला रेंज आली आणि एकामागून एक मेसेज पडले. त्यात नाशिककरची व्हॉइस नोट होती, वेळ ‘फिक्स यू’च्या आसपासची. मी ती कानाला लावली. आधी रिक्षांचे हॉर्न, कोणीतरी ‘चहा, चहा’ म्हणतंय. आणि मग त्याच्या मागून, लांबून, बेसचा ठोका आणि त्यावर पन्नास हजार माणसांचा एक आवाज. शब्द कळत नाहीत, पण गाणं स्पष्ट कळतं.

ती आली होती. आम्हाला न सांगता दुपारची बस पकडून आली आणि स्टेडियमबाहेर, रस्त्याच्या पलीकडे एका चहाच्या टपरीपाशी तीन तास उभी होती. तिच्यासारखे तिथे बरेच होते म्हणे. टपरीवाल्या दादांनी शेवटी सगळ्यांना अर्धा-अर्धा कटिंग फुकट दिला.

एलपीच्या स्टॉपवर ती सापडली. भेटल्यावर पहिलं वाक्य, “तुमचा आवाज आला मला. मिरजकर फारच खाली लावते.” बस. एवढंच बोलणं झालं, आणि दीड महिन्याचं संपलं. मध्यरात्रीच्या बसमध्ये आम्ही आपापली रेकॉर्डिंग्ज ऐकली. माझ्या व्हिडिओत आवाज फाटलेला, वर माझंच ओरडणं. तिच्या व्हॉइस नोटमध्ये मात्र सगळे एकत्र गाताना ऐकू येतात. आमच्या ग्रुपवर आता तीच जपून ठेवलेली आहे.

२६ तारखेला अहमदाबादचा शो ओटीटीवर थेट दाखवला गेला. लातूरकरची प्रॅक्टिकल्स संपली होती. चौघींनी खोलीत लॅपटॉप मधे ठेवून तो पाहिला. कॅमेरा जवळून होता, ख्रिसच्या कपाळावरचा घामही दिसत होता. लातूरकर मजेत होती. मध्येच तिने विचारलं, “तिथे पण असंच दिसलं का गं?” आम्ही तिघींनी एकदम ‘नाही’ म्हटलं, आणि मग कसं होतं ते तिघींनाही नीट सांगता येईना.

मग, वर्थ आहे का?

माझा हिशेब सांगते. तिकीट दोन हजार आणि वरचे चार्जेस, येण्याजाण्याचे बसचे पैसे, खाणं-पाणी. टी-शर्ट घेतला नाही. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. स्वस्त तिकिटाची लॉटरी लागली म्हणून हे जमलं. ६,४५० रुपये भरून गेले असते का? दोन महिने जमवून, कदाचित. पुनर्विक्रीवाल्याला पन्नास हजार? नाही. कुठल्याही बँडसाठी नाही, आणि तुम्हीही देऊ नका. ज्यांची गाणी आपण फुकट वायफायवर ऐकून मोठे झालो त्यांच्यासाठी कर्ज काढावं, असं त्या गाण्यांमध्येही कुठे सांगितलेलं नाही.

बारा अल्बमनंतर नवे अल्बम काढणं थांबवणार, असं ख्रिस मार्टिनने जाहीर केलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘मून म्युझिक’ हा दहावा. त्यामुळे ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ अशी भीती फॅन्सना वाटते आणि तिकिटाचे भाव त्या भीतीवरच चढतात. ती भीती ओळखा. स्टेडियममध्ये जाऊन मला जे मिळालं ते बँडपेक्षा शेजारच्या माणसांकडून जास्त मिळालं, आणि ती माणसं कॉलेजच्या फेस्टमध्ये, एखाद्या लोकल बँडच्या गिगलाही असतात. तिथलं तिकीट शंभर-दोनशे रुपये असतं.

पण ज्या बँडने तुमच्या दोन-चार वाईट रात्री काढल्या असतील, तो परवडेल अशा किमतीत जवळ येत असेल, तर जा. मागची सीट मिळाली तरी जा.

चौकट: लिंक उघडण्याआधी

- जास्तीत जास्त किती पैसे घालणार, तो आकडा विक्रीच्या आदल्या दिवशी ठरवा आणि कोणाला तरी सांगून ठेवा. रांगेत असताना डोकं चालत नाही.
- तिकीट अधिकृत ठिकाणीच घ्या. इन्स्टावर ‘एक्स्ट्रा तिकीट आहे’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला ॲडव्हान्स पाठवू नका. तिकिटाचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे.
- बँडची अधिकृत पेजेस फॉलो करा. स्वस्त किंवा उशिरा निघणारी तिकिटं आधी तिथे जाहीर होतात.
- येतानाची गाडी जातानाच बुक करा. शो संपल्यावर रिक्षा आणि कॅब मिळणं अवघड असतं. भेटायची जागा आधीच ठरवा, आत फोन लागत नाही.
- बाटली, पॉवर बँक, मोठी बॅग यांचे नियम आधी वाचा. भरपेट खाऊन आत जा.
- उभं राहायचं तिकीट असेल तर पाच-सहा तास पायांवर काढायची तयारी ठेवा. नवे शूज घालू नका.
- आणि तिकिटं ग्रुपपेक्षा कमी आली तर कोण जाणार, हे ‘बुक’ बटण दाबायच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवा.